‘नवा तो नवाच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेल्या जुन्या लॅपटॉपांबद्दल व्हॉट्सॲपवर हा मेसेज हटकून फिरतो: ‘रिफर्बिश्ड लॅपटॉप म्हणजे कंपन्यांनी काढून टाकलेलं भंगार. स्लो चालतो, बॅटरी गेलेली, वॉरंटी नाही. 25 हजारांत नवाकोरा मिळत असताना जुना कशाला?’

भंगार? मोठ्या कंपन्या लॅपटॉप बहुतेकदा लीजवर घेतात. तीन-चार वर्षांनी लीज संपली की चालू मशिनांचा अख्खा लॉट परत जातो. बिघडली म्हणून नव्हे, मुदत संपली म्हणून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक रचून ठेवलेले दिसतात, त्यांतले बरेच असेच आलेले असतात.

स्लो? कोणापेक्षा, ते मेसेज सांगत नाही. स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपात सेलेरॉन एन4020सारखा साधा प्रोसेसर सर्रास दिसतो. दोन कोर (प्रोसेसरचे काम करणारे भाग), सोबत 4 जीबी रॅम, आणि तीही अनेकदा बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवायचं नाव नको. 2018 चा थिंकपॅड टी480 घ्या. प्रोसेसर आय5-8250यू, चार कोर, आठ थ्रेड (एका वेळी आठ कामं), रॅमला दोन स्लॉट. मागची बॅटरी तर दोन खटके सरकवले की हातात येते, स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. ‘नवाकोरा’ या शब्दाला भुलून लोक यापेक्षा हळू मशिन घरी नेतात, हे मला तरी पटत नाही.

बॅटरीचं म्हणणं मात्र खरं आहे. दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) 60,000 आणि फुल चार्ज (आजची क्षमता) 33,000 असेल, तर बॅटरी जवळपास निम्मी संपली. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

वॉरंटी दुकानागणिक बदलते. बिलावर लिहून देत असेल तरच ती आहे असं समजा. गावात दुरुस्तीची सोय नसेल, किंवा बजेट 45-50 हजारांचं असेल, तर खुशाल नवा घ्या, तिथे माझा वाद नाही.

खरा धोका मेसेजमध्ये आलेलाच नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप आता ‘आय5 आहे साहेब’ म्हणत पडेल भावात खपवले जातात. आय5 नंतरचा पहिला आकडा बघा (तो 1 असेल तर पहिले दोन): 6300यू म्हणजे सहावी, 8250यू म्हणजे आठवी. दुसरं, पैसे देण्याआधी बायोस (विंडोज सुरू होण्याआधीचं मशिनचं सेटिंग) उघडून बघा, पासवर्ड मागतो का. मागितला, तर आधीच्या मालकाचं कुलूप अजून तसंच आहे. मग विंडोज रिसेट करून वायफायला जोडायला सांगा. सेटअपमध्ये भलत्याच कंपनीचं नाव आलं आणि तिथला ईमेल मागितला, तर ते मशिन अजून त्या कंपनीच्या ताब्यातून सुटलेलं नाही. कितीही स्वस्त देत असले तरी तिथेच सोडा.