एच गळाला

नव्या ओळखपत्रावर फोटो माझा, जन्मतारीख माझी, नाव मात्र शांताऐवजी सांता. इंग्रजीतला एच टाइप करताना गळाला आणि खालची देवनागरी यंत्राने त्या इंग्रजीवरूनच काढली. खिडकीतल्या मुलीने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून खांदे हलवत हसली. दिवस डिसेंबरचे, मान्य. पण मी लाल साडी काही मुद्दाम नेसले नव्हते.

दुरुस्तीचं विचारते तोच रांगेतले एक टोपीवाले आजोबा पुढे सरकले. हातात उंड्यांची, म्हणजे आपल्या गोव्याच्या गोल पावांची पिशवी.

“गे बाय, चूक तुजी न्हय. चूक त्या म्हाताऱ्याची.”

“कुठल्या?”

“तांबड्या डगल्याच्या!”

त्यांनी एक उंडा काढून काउंटरवर ठेवला. “हो साव पेद्र. दादलो, नाव व्यंजनान सुरू, म्हणून साव.” दुसरा उंडा. “हो आंतोनियो. नाव स्वरान सुरू, म्हणून सांतो.” तिसरा. “ही इनेज. बायल. म्हणून सांता.” मुलीने कीबोर्ड पिठापासून लांब ओढला. मागचे लोक ओरडायला लागले. आजोबांनी चौथा उंडा उंच धरला. “आनी हो निकोलाव! ताका साव निकोलाव म्हणपाक जाय. सांता क्लॉज म्हळ्यार कितें? खाड आशिल्ली बायल!”

दाढीवाली बाई म्हणे! रागावले होते ते. माझ्यापेक्षा जास्त.

आणि बोलले ते खरंच. पोर्तुगीजमध्ये संत पुरुष असेल तर साव किंवा सांतो, बाई असेल तर सांता. संत निकोलस चौथ्या शतकातला मायराचा बिशप, मायरा आजच्या तुर्कस्तानात. डच लोकांनी त्याचा सिंटरक्लास केला आणि अमेरिकेत जाऊन त्याचा सांता क्लॉज झाला. पोर्तुगीज मात्र त्याला पाय नाताल म्हणतात, नाताळबाबा. म्हणजे आपलं व्याकरण सांभाळून आहेत. पणजीजवळच्या सांताक्रूझमध्येही तोच हिशेब: पोर्तुगीजमध्ये क्रूस स्त्रीलिंगी, म्हणून पवित्र क्रूस सांता. गावाचं कोंकणी नाव कालापूर, पण बसच्या पाटीवर ते शोधून दाखवा.

आता माझी शांता. ‘नावाप्रमाणे शांत बसा की’ असं मला आजवर किती जणांनी ऐकवलंय! त्यांनी एकदा कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात जाऊन यावं. शिव आणि विष्णू भांडत होते तेव्हा शांतादुर्गा मध्ये पडली, अशी कथा आहे. मध्ये पडणाऱ्या बाईला शांत म्हणतात, गप्प बसणारीला नव्हे. देवी मूळची साष्टीतल्या केळशीची. 16व्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने भक्तांनी तिला फोंड्याकडे हलवलं. तिला तरी कुणी पत्त्याचा पुरावा मागितला नाही.

दुसरी शांता दशरथाची लेक. अंगदेशच्या रोमपादाला दत्तक दिली, ऋष्यशृंगाला दिली, आणि त्याच जावयाने पुत्रकामेष्टी केली तेव्हा कुठे राम जन्मला. एवढं करून राम सगळ्यांना ठाऊक, शांता कुणाला आठवत नाही. माझा एच गळाला तर त्यात नवल काय!

पण कार्यालयाला पुराणं नको असतात, कागद लागतात. माझा जन्म 1961च्या आधीचा, नोंद पोर्तुगीज रजिस्टरात. पोर्तुगीजमध्ये एक्सचा उच्चार बरेचदा ‘श’ होतो, म्हणून तेव्हाच्या कारकुनाने माझं नाव एक्सने सुरू केलं. खिडकीतल्या मुलीने ते ‘झांता’ असं वाचलं. शाळेच्या दाखल्यावर शांता. कार्डावर सांता. एच गाळला त्यांनी, आणि तिन्ही बायका एकच आहेत असं स्टँप पेपरवर लिहून द्यायचं मी. स्टँपचे पैसे माझे, नोटरीचे माझे, झेरॉक्सचे माझे.

आजोबांनी तीन उंडे पिशवीत भरले. इनेजचा माझ्यासाठी ठेवला. तो घेऊन मी नोटरीकडे गेले.

नोटरी म्हणाले, ओळखीचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे तेच कार्ड. त्यांनी त्यावरून नाव उतरवून घेतलं आणि मजकूर वाचून दाखवला: मी, सांता, शपथेवर सांगते की माझं नाव सांता नाही.