दाराच्या पॅडमागे

नाशिकला पावसाचं माप गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर घेतात. मी सुट्टीवर गेले तेव्हा गोदावरी त्याच्या गुडघ्याला लागली होती आणि इंदिरानगरला घराखाली उभ्या असलेल्या बाबांच्या गाडीत मागच्या डाव्या दाराजवळची मॅटिंग भिजून कुबट वास मारत होती. तीन पावसाळे हेच चाललं होतं. सर्व्हिस सेंटरनं दोनदा दाराचं रबर बदललं, दोनदा बिल लावलं, पाणी येतच राहिलं.

मी म्हटलं, दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढून बघू. लगेच घरात वाद. दादा म्हणाला, "पाचशे रुपयांत फिटर करून देतो, तू कशाला हात काळे करतेस? त्याचंही पोट आहे." बाबा म्हणाले, "उघडायचं नाही. वॉरंटी जाईल." गाडी नऊ वर्षांची आहे, वॉरंटी केव्हाच सरली. आणि हे बाबा सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. ज्या हातांनी आयुष्यभर मायक्रॉनची मापं सांभाळली ते हात स्वतःच्या गाडीच्या दाराला बिचकत होते, हे मला फार लागलं.

मी राहते त्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोक अशी कामं सर्रास घरी करतात. ते लोक आपल्यापेक्षा कष्टाळू आहेत असं अजिबात नाही. तिथे गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर जाते, म्हणून शेजारचा शिक्षकही शनिवारी पाना घेऊन बसतो. सुट्या भागांची दुकानं अनामत ठेवून हत्यारं उसनी देतात. दादाचा मुद्दा म्हणूनच मला खोटा वाटत नाही. आपल्याकडे कुशल हात परवडणाऱ्या दरात मिळतो, आणि त्याला काम देण्यात काहीच कमीपणा नाही. पण त्या स्वस्ताईमुळेच आपण एक प्रश्न कधी विचारत नाही: दाराच्या आत काय आहे, ते कसं उघडायचं, हे आपल्याला आणि त्या फिटरला कुणी सांगितलंय का?

शेवटी बाबा खाली आले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आम्ही दहा मिनिटं थांबलो. एअरबॅगच्या गाडीत एवढी सबुरी हवीच, काही गाड्यांत तर तिचा सेन्सर दारातच असतो. एक स्क्रू आतल्या हँडलच्या वाटीत झाकणाखाली होता, दुसरा हात टेकायच्या खाचेत. मग खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी सारून एकेक क्लिप सोडवत गेलो. स्क्रू ड्रायव्हर घातला तर रंगही खरवडतो आणि क्लिपही तुटते. सगळ्या क्लिपा सुटल्यावर पॅड बाहेर ओढायचं नसतं, वर उचलायचं असतं, कारण ते काचेजवळच्या कडेला अडकवलेलं असतं. उचलल्यावरही सांभाळून, मागे स्पीकरच्या आणि काचेच्या बटणाच्या वायरी आणि हँडलची केबल लोंबत असते.

दारात पाणी जाणं हा दोष नसतो. काचेच्या रबराजवळून थोडं पाणी आत उतरतंच. ते पत्र्याच्या आतून ओघळून तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशीच दाराची रचना असते. ते पॅडकडे येऊ नये म्हणून पत्र्यावर प्लास्टिकचा पडदा चिकट काळ्या पट्टीनं बसवलेला असतो. आमच्या दारात तो पडदा ब्लेडनं फाडलेला होता. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी स्पीकर बसवले, पडदा कापला आणि तसाच सोडला. तळाची भोकं चिखलानं बुजलेली. दोन नवीन रबरांनी हे कसं थांबणार होतं! बाबांनी तारेनं भोकं मोकळी केली आणि जाड प्लास्टिक कापून पडद्याला असं ठिगळ लावलं की मला ते कधीच जमलं नसतं.

बाबांना कसब नव्हतं असं कोण म्हणेल? नव्हती ती माहिती. मॅसॅच्युसेट्समध्ये 2012 साली यावर थेट जनमत घेतलं गेलं: कंपनीनं आपल्या डीलरला दिलेली दुरुस्तीची माहिती गाडीमालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही विकत मिळाली पाहिजे. 86 टक्के लोकांनी होकार दिला. 2020 मध्ये पुन्हा मतदान होऊन गाडीतून बिनतारी जाणारा डेटाही त्यात आला, आणि कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. आपल्याकडेही हा विषय नवा नाही. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. घरोघरी वाद घालायचाच तर यावर घालू या. मालकानं करावं की फिटरनं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कोणता स्क्रू कुठे आहे आणि क्लिपचा नंबर काय, हे दोघांनाही कळलं पाहिजे, आणि ते मराठीत मिळावं असा माझा आग्रह आहे.

आमच्या तीन क्लिपा तुटल्याच. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर म्हणाले, सुटी क्लिप देत नाही, गाडी आणा. मग दादाच मला नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या त्याच्या फिटरकडे घेऊन गेला. त्यानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला, शेकडो क्लिपांमधून बोटं फिरवत तीन जुळत्या शोधल्या आणि पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, "ताई, त्या तुटलेल्या ठेवून जा. पुढच्या वेळी माप लावायला होतील."