काळ्या वाळूतून ‘स्पिन-चिप’ होत नाही

रत्नागिरी-मालवणकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सुपरकंडक्टर (वीज जराही अडथळ्याविना वाहू देणारा पदार्थ) आणि चुंबक यांचं हाडवैर शास्त्रज्ञांनी नुकतंच मिटवलं. त्यातून निघालेल्या ‘स्पिन-चिप’मुळे मोबाईल तापणार नाही, महिनोन्‌महिने चार्जिंग लागणार नाही. आणि कच्चा माल आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळू, म्हणून किनाऱ्यालगतच्या जमिनीत आत्ताच पैसे घाला. लोक कष्टाचे पैसे घालतील याची मला धास्ती वाटते, म्हणून हे लिहितेय.

वैर मिटलेलं नाही. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने चालतात आणि नेहमीच्या जोडीत दोघांचे स्पिन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमधल्या जणू चिमुकल्या चुंबकाच्या दिशा, परस्परविरुद्ध असतात. लोहचुंबकाला मात्र सगळे स्पिन एकाच दिशेला हवे असतात. त्यामुळे जोडी त्यात शिरली की काही नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आत फुटते. 2001 साली बर्जेरेट, व्होल्कोव्ह आणि एफेतोव्ह यांनी यातली वाट दाखवली: दोन्ही पदार्थ भिडतात तिथे चुंबकत्वाची दिशा एकसारखी नसेल, तर एकाच दिशेच्या स्पिनच्या जोड्या तयार होतात आणि त्या चुंबकात दूरवर टिकतात. 2006 मध्ये क्रोमियम डायऑक्साइडमधून असा प्रवाह शेकडो नॅनोमीटर गेलेला दिसला. 2010 मध्ये केंब्रिजच्या गटाने कोबाल्टच्या दोन्ही बाजूंना होल्मियम या धातूचे पातळ थर दिले. होल्मियममध्ये चुंबकत्वाची दिशा थरागणिक थोडी थोडी वळत जाते, मळसूत्रासारखी, आणि हवी ती जोडी तिथेच घडते. मला तरी हे काम फार सुंदर वाटतं. पण ते ‘नुकतंच’ झालेलं नाही, आणि त्यात फुकटची वीजही नाही.

मोबाईलचं तर सोडूनच द्या. या प्रयोगांत नेहमी वापरतात तो नायोबियम धातू उणे 264 अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावरच सुपरकंडक्टर होतो. साध्या दाबाला चालणारा एकही सिद्ध झालेला सुपरकंडक्टर उणे 100 अंशांच्या वर टिकलेला नाही. एवढी थंडी राखायची म्हणजे मोठी यंत्रणा आणि सतत वीज. हे संशोधन चाललंय ते अतिथंड संगणकांच्या स्मृतीसाठी, खिशातल्या फोनसाठी नव्हे.

राहिली वाळू. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्याच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आहे, हे खरं. पण ते लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. त्याचा मोठा वापर रंगात घालायची पांढरी भुकटी करायला होतो. घरातलं चुंबक फिरवल्यावर जे काळे कण पटकन चिकटतात ते बहुतेक मॅग्नेटाइटचे. इलेक्ट्रॉनच्या या जोड्या करायला वापरतात तो नायोबियम, कोबाल्ट अतिशुद्ध धातू म्हणून आणतात आणि निर्वात पेटीत त्यांचे थर चढवतात. लागतो तरी किती? चार इंची चकतीवर 10 नॅनोमीटर जाडीचा कोबाल्ट चढवला, तर तो एक मिलिग्रॅमही भरत नाही. जमिनीसाठी बयाणा मागणाऱ्याने आधी हा हिशेब समजावून द्यावा.