पाहणाऱ्याने बोलू नये

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका मुंजीच्या पंगतीत मला चारचौघांसमोर, आणि पानातला मसालेभात गार होईपर्यंत, असे समजावून देण्यात आले की चित्रपट प्रत्यक्ष पाहिलेला माणूस हा त्या चित्रपटाविषयी बोलण्यास सर्वांत अपात्र असतो. समजावून देणारे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी होते. बटूशी त्यांचे नेमके नाते काय, हे मला अद्याप कळलेले नाही. वडिलांकडची मंडळी त्यांना आजोळकडचे समजत होती आणि आजोळकडची मंडळी त्यांना वडिलांकडचे. त्यामुळे दोन्हीकडून आग्रह होत होता आणि सगळेच त्यांना काका म्हणत होते.

मी त्यांना काहीही विचारले नव्हते. समोरच्या रांगेतून माझ्या मेव्हणीने, लिंबू पिळता पिळता, “भाऊजी, अलीकडे काय पाहिलंत?” असा प्रश्न टाकला होता आणि मी म्हणालो होतो की चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ अखेर पाहिला, चांगला आहे, मध्ये जरासा लांबल्यासारखा वाटला. सुसंस्कृत समाजात अशा उत्तरानंतर “अस्सं” म्हणून माणसे कोशिंबिरीकडे वळतात. मेव्हणी वळलीदेखील. परंतु शेजारच्या पानावरून आवाज आला, “किती केला?”

मला वाटले, विषय मसालेभाताचा आहे, म्हणून मी म्हणालो, “पुरेसा केला असावा, अजून दोन पंगती व्हायच्या आहेत.”

“भात नाही हो. सिनेमा. धंदा किती केला?”

मी सांगितले की ते मला ठाऊक नाही. काकांनी माझ्याकडे, पासबुक न आणता पैसे काढायला आलेल्या खातेदाराकडे पाहावे तसे पाहिले. पहिल्या दिवसाची कमाई ठाऊक नाही, पहिल्या शनिवार-रविवारची ठाऊक नाही, खर्च किती आला तो ठाऊक नाही, आणि तरीही हा माणूस ‘चांगला आहे’ असे बेधडक विधान करतो, याचा त्यांना मनापासून खेद झालेला दिसला. तरी एक संधी द्यावी म्हणून त्यांनी चौकशी पुढे चालवली.

“हिरो कोण?”

“वीरा साथीदार.”

“नवीन आहे का?”

मी सांगितले की ते व्यावसायिक नट नव्हते. नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते होते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते, आणि २०२१ मध्ये करोनाने गेले. काका क्षणभर गंभीर झाले. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे दुसरा भाग निघणार नाही.”

“गोष्ट काय?” हा पुढचा प्रश्न होता. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिराला पकडतात आणि खटला चालतो, असे मी थोडक्यात सांगितले. हे मी आस्थेने सांगितले, कारण एखाद्या वृद्ध गृहस्थाला एखाद्या चांगल्या चित्रपटाची गोडी लागावी, असे मला तोपर्यंत वाटत होते.

“मग सुटतो का?”

“जामीन मिळतो. मग पुन्हा अटक होते. मग न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते.”

“आणि निकाल?”

“निकाल दाखवलेला नाही.”

“निकालच नाही?” काकांचा आवाज चढला, तसे समोरचे दोघे जण आणि एक मूल आमच्याकडे पाहू लागले. “मग टेबलावर मूठ कोण आपटतं?”

“कुणीच नाही.”

“न्यायाधीश हातोडा तरी आपटत असेल?”

“आपल्याकडच्या न्यायालयांत हातोडा नसतोच, काका.”

“असं कसं? मी स्वतः पाहिलाय.”

“कुठे?”

“सिनेमात.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि उठून जाण्याची सोय नव्हती. पंगतीची ही मोठी अडचण आहे. शिष्टाचाराप्रमाणे सर्वांनी एकदम उठायचे असते आणि आमच्या ओळीच्या टोकाला बसलेल्या आजी प्रत्येक घास बत्तीस वेळा चावण्याच्या मताच्या होत्या. मी अळूच्या भाजीत तोंड घातले. पण काकांना आता माझी कीव आली होती आणि त्यांनी मला आपली पद्धत समजावून सांगायला घेतली.

त्यांना चित्रपटगृहातले वातानुकूलन मानवत नाही, त्यामुळे ते तिकडे जात नाहीत. घरी अख्खा चित्रपट पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे. ते ‘एक्स्प्लेन्ड’ प्रकारचे व्हिडिओ पाहतात, म्हणजे ज्यांत एक घाईत असलेला माणूस अडीच तासांचा चित्रपट बारा मिनिटांत सांगून टाकतो, आणि तेही ते दीडपट वेगाने पाहतात, म्हणजे आठ मिनिटांत प्रकरण निकाली. त्यानंतर कमाईचे आकडे पाहायचे, तारे किती मिळाले ते पाहायचे, सरासरी काढायची. “पाहिलं की माणूस भावनेच्या आहारी जातो,” ते म्हणाले. “मत द्यायचं तर तटस्थ राहायला हवं. मी इतकी कर्जं मंजूर केली, एकदाही कारखाना बघायला गेलो नाही. कागद बघायचे.” या एका वाक्याने आपल्या बँकिंग व्यवस्थेविषयी मला पडलेली काही जुनी कोडी सुटली, हे मात्र मान्य केले पाहिजे.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की काकांची परंपरा तशी थोर आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे तो सुरतेला गेला तेव्हा, सहा सहा तासांची नाटके पाहण्याची सवय असलेले प्रेक्षक एवढ्याशा खेळाला पैसे मोजायला तयार होईनात, असे सांगतात. फाळक्यांनी मग अशी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि किंमत फक्त तीन आणे. लोक लोटले. हरिश्चंद्राच्या सत्त्वाने जे साधले नाही ते मैलांनी साधले. काका त्या काळी सुरतेत असते तर त्यांनीही खेळ पाहिला नसता. त्यांनी फीत मोजून घेतली असती.

पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांवर एवढा भरवसा ठेवू नये, हे सांगण्यासाठी मी ‘शोले’चे उदाहरण दिले. १९७५ च्या पंधरा ऑगस्टला तो लागला तेव्हा पहिले काही दिवस सगळे जण तो पडला असेच धरून चालले होते, आणि पुढे तोच मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षांहून अधिक काळ चालला. हा मुद्दा बिनतोड आहे अशी माझी समजूत होती. काका म्हणाले, “तेव्हा नेट नव्हतं ना. लोकांना कळलंच नाही की पडलाय.”

एवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आला. काकांनी त्याचा हात धरला आणि विचारले, “काय रे, ‘कोर्ट’ नावाचा पिक्चर पाहिलास का?” तो बिचारा परातीचा तोल सांभाळत म्हणाला, “मोबाइलवर लावला होता, साहेब. झोप लागली.” काकांनी विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले. “हे जनमत,” ते म्हणाले आणि दोन जिलब्या घेतल्या. तो मुलगा पहाटेपासून पाणी वाहत आणि वाढत होता. त्याला त्या क्षणी कोणत्याही चित्रपटावर, भाषणावर किंवा मंगलाष्टकावरही झोप लागली असती, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मला खरा राग काकांचा नाही, किंवा फक्त काकांचा नाही. राग याचा आहे की ‘चांगला आहे, जरा लांबला’ एवढे बेताचे मत हल्ली कुठेच ठेवता येत नाही. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी एकदा एका ऐतिहासिक चित्रपटाबद्दल एवढेच लिहिले होते की पार्श्वसंगीत इतके मोठे होते की संवाद ऐकू येत नव्हते. त्यावर एका भाच्याने लिहिले, “मामा, महाराजांबद्दल असं बोलू नये.” मी महाराजांबद्दल अवाक्षर काढले नव्हते, मी ढोलांबद्दल बोललो होतो. परंतु खुलासा करेपर्यंत एकोणीस जणांनी भगवे झेंडे टाकले होते आणि त्यांतला एक माझ्या सख्ख्या बायकोचा होता.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत तर तोंड उघडण्यापूर्वी अपराधी वाटू लागते. “आपणच नावं ठेवली तर पाहणार कोण?” हा प्रश्न तयार असतो, आणि तो अगदीच खोटा नाही, म्हणून जास्त टोचतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन जाहीर केले, त्यावर गदारोळ झाला आणि ते बंधन दुपारी बारा ते रात्री नऊ असे सैल करण्यात आले. म्हणजे मराठी माणसाने मराठी चित्रपट भर दुपारी, कचेरीतून पळून जाऊन पाहिला तरी सरकारची हरकत राहिली नाही. त्याच महिन्यात, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक नुकतेच मिळवलेला ‘कोर्ट’ चित्रपटगृहांत लागला होता. चित्रपटाला खेळ मिळत नाहीत, मिळाले तर वेळ अडनिडी मिळते, आणि प्रेक्षक तिथे पोहोचलाच तर त्याने बाहेर येऊन फक्त स्तुती करावी अशी अपेक्षा असते. व्यवस्थेने जे करायला हवे त्याची भरपाई माझ्या जिभेने का करावी, हे मला कुणी सांगत नाही. आवडलेल्या गोष्टीत खोट काढण्याचा हक्क हा आवड असण्याचाच एक भाग आहे. आपल्या आईच्या हातच्या आमटीला आज मीठ कमी पडले हे म्हणणारा मुलगा आईविरुद्ध गेलेला नसतो.

असो. टोकाच्या आजींचा मठ्ठा संपेना, म्हणून मी शेवटचा प्रयत्न केला. मी काकांना ‘कोर्ट’मधले दोन प्रसंग सविस्तर सांगितले. सुनावणी संपून सगळे निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो, आणि कॅमेरा त्या रिकाम्या दालनातच बसून राहतो, पडदा काळा होईपर्यंत. तेव्हा आपल्याला वाटते की चित्रपट संपला, आणि तो संपलेला नसतो. मग तेच न्यायाधीश सुट्टीवर सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलक्या घेत असतात, पोरे ओरडून त्यांना दचकवून उठवतात आणि ते हाताला लागलेल्या एका पोराच्या कानाखाली वाजवून पुन्हा डोळे मिटतात. कुणाला शिक्षा द्यायची, का द्यायची, चौकशी किती करायची, याचा सगळा निकाल त्या एका चापटीत आहे, असे मी म्हणालो. हे वाक्य मला बरे जमले होते. काकांनी ऐकून घेतले, ढेकर दिली आणि म्हणाले, “यात काय आहे? पोरं ओरडली तर मीही मारीन.”

अखेर पंगत उठली. हात धुवायला मोठी रांग होती. माझ्यापुढे पाच-सहा माणसे सोडून काका उभे होते आणि त्यांच्यासमोर वडिलांकडचे, किंवा आजोळकडचे, कुणी तरुण जोडपे आदराने ऐकत होते. “पाहाच,” काका सांगत होते. “तो न्यायाधीश बाकावर झोपलेला असतो, पोरं उठवतात, आणि तो एकाच्या कानाखाली देतो. सगळा निकाल त्या एका चापटीत आहे. आणि ते दिवे मालवतात तिथे उठू नका हं, लोक उठतात.” तरुणाने चित्रपटाचे नाव मोबाइलमध्ये लिहून घेतले. त्याच्या बायकोने विचारले, “काका, तुम्ही इतक्या बारकाईने कसं पाहता?” काकांनी नम्रपणे मान हलवली. तेवढ्यात त्यांना मी दिसलो आणि, मोठ्या मनाचा माणूस असल्यामुळे, त्यांनी माझीही ओळख करून दिली. “यांनीही पाहिलाय,” ते म्हणाले. “पण यांना जरा लांबला.”

त्या दोघांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. सरपटणारे प्रसंग सोसण्याची कुवत नसलेल्या, ढोलताशांवर वाढलेल्या माणसाकडे पाहतात तसे ते पाहणे होते. मी काही बोललो नाही. हाताला साय-तूप लागलेले असताना स्वामित्वहक्काचा वाद घालता येत नाही.

काल मेव्हणीचा फोन आला. रविवारी सगळ्यांनी मिळून कोणता चित्रपट पाहावा, असे तिच्या घरी चालले होते. मी तत्परतेने नावे सांगायला लागलो, तर ती मध्येच थांबवून म्हणाली, “तसं नाही, भाऊजी. त्या दिवशी तुमच्या शेजारी बसले होते ना, त्या काकांचा नंबर आहे का तुमच्याकडे? आमच्या नणंदबाई सांगत होत्या, त्यांना सिनेमातलं फार कळतं.”

नंबर माझ्याकडे आहे. निघताना काकांनी तो आपण होऊन दिला होता आणि तेव्हापासून ते मला रोज सकाळी सात वाजता कालच्या कमाईचे आकडे पाठवतात, अखिल भारतीय निराळे आणि परदेशातले निराळे. मी मेव्हणीला सांगितले की नाही, नंबर घ्यायचा राहून गेला.