ताप आला म्हणून डेक्सामेथासोन नव्हे
"डेक्सामेथासोन करोनाचा विषाणू मारते, स्वस्त असल्यामुळे ते दडवून ठेवले आहे, तेव्हा ताप येताच गोळी सुरू करा," हा संदेश दुसऱ्या लाटेत घरोघरी फिरला आणि तो आजही अधूनमधून हाती पडतो. त्यातले एकही विधान टिकणारे नाही.

हे औषध विषाणूला मारत नाही. ते कृत्रिम स्टेरॉइड आहे आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीचा भडका शमवते. आजार बळावल्यावर हाच भडका फुप्फुसांना इजा करतो, म्हणून तिथे ते उपयोगी पडते. पहिल्या दिवसांत मात्र विषाणूशी झुंजायला तीच प्रतिकारशक्ती लागते.

"ताप येताच" या दोन शब्दांत खरा धोका आहे. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या 2104 जणांना रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस, हे औषध दिले गेले आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या 4321 जणांशी त्यांची तुलना झाली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 26.2 वरून 23.3 वर. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांच्यात मात्र औषध घेतलेले 17.8 टक्के आणि न घेतलेले 14 टक्के दगावले. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नाही, पण या गटात फायदा तर दिसत नाही.

दडवण्याचे म्हणाल, तर हे निष्कर्ष 16 जून 2020 रोजीच जाहीर झाले आणि सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांसाठी स्टेरॉइडची शिफारस केली, सौम्य आजारात ते देऊ नये असे सांगूनच.

माझ्या मामांनी तापाच्या दुसऱ्याच दिवशी, ऑक्सिमीटर 97 दाखवत असताना, ओळखीच्या मेडिकलमधून पट्टी आणली. ताप उतरला, भूक लागली, आणि औषध लागू पडले असे सगळ्यांना वाटले. स्टेरॉइडने असे वाटतेच. चौथ्या दिवशी मधुमेही मामांची साखर चारशेच्या वर गेली. मामा सावरले, परंतु 2021 मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे, जबडे गेले, त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत वाढलेली साखर आणि स्टेरॉइड हीच जोडी होती.

कुणी ही गोळी काही आठवडे घेतच असेल, तर ती एकाएकी थांबवू नये, कारण मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी तोवर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी केलेले असते. डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.