ठाण्यातल्या टर्फवर स्टॉपरला ट्रॉफी का मिळत नाही

मे महिना आला की ठाणे आणि नवी मुंबईत फुटबॉलचे दोन वाद एकाच वेळी पेटतात. पहिला इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा: यंदाचा सर्वोत्तम कोण, आणि त्याहून तावातावाने, कुणाचं नाव उगाच मागे राहिलं. दुसरा घराजवळचा. घोडबंदर रोड, कोलशेत, सीवूड्स, खारघर इथल्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानांवर) सुट्टीतल्या फाइव्ह-अ-साइड (पाच-पाच जणांच्या) स्पर्धा उरकतात आणि ‘बेस्ट प्लेअर’ म्हणून फायनलमध्ये शेवटचा गोल मारणाऱ्या मुलाचं नाव पुकारलं जातं. मग रात्रभर ग्रुपवर धुमश्चक्री. जर्मनीत राहून हे दोन्ही वाद वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. आपण दुर्लक्षित माणूस शोधायला निघतो, पण कुठलं काम दुर्लक्षित राहिलं ते ठरवत नाही. काम न ठरवता नाव शोधलं की शेवटी आपल्या लाडक्या क्लबचंच नाव सापडतं.

इथे ‘किकर’ हे क्रीडा नियतकालिक बुंडेसलिगा या जर्मन लीगमधल्या खेळाडूंना दर सामन्यानंतर शाळेसारखे गुण देतं. १ म्हणजे उत्कृष्ट, ६ म्हणजे नापास, मध्ये अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्या. काही मिनिटांपुरता आलेला बदली खेळाडू त्यातून वगळला जातो. हंगामात ३४ सामने, म्हणजे लेफ्ट बॅकचीही ३४ वेळा परीक्षा होते आणि शेवटी सरासरी निघते. १९६० पासून इथले क्रीडा पत्रकार वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडतात. त्या यादीत गोलकीपर किती आहेत पाहा: टिल्कोव्स्की १९६५ मध्ये, सेप मायर तीनदा, टोनी शूमाखर दोनदा, क्योप्के १९९३ मध्ये, ऑलिव्हर कान २००० आणि २००१ मध्ये, मॅन्युएल नॉयर २०११ आणि २०१४ मध्ये. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या संघटनेचा पुरस्कार १९७४ पासून आहे आणि तो मिळवणारे गोलकीपर दोनच, १९७६ मध्ये पॅट जेनिंग्ज आणि १९७८ मध्ये पीटर शिल्टन. बॅलन डी’ओर या जागतिक सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या इतिहासात तर १९६३ चा लेव्ह याशिन एकटाच. जर्मनीत चांगले गोली जास्त जन्मले हे एक कारण असेलही, पण माझ्या मते दर आठवड्याला प्रत्येक जागेचा वेगळा हिशेब ठेवायची सवय हे त्याहून मोठं कारण आहे.

या गुणांना डोक्यावर घ्यायचं मात्र कारण नाही. संघ ०-४ हरला की सगळ्यांचे गुण एकदम घसरतात, त्यात सात शॉट अडवलेला गोलीही भरडला जातो. आणि इथले लोक छापून आलेला गुण बऱ्यापैकी निमूटपणे मान्य करतात. ठाण्यात असं कुणी मान्य केलं नसतं, आणि ते बरंच आहे. आपल्याकडे भांडायची हौस आहे, कमी आहे ती नोंदींची.

आपल्या पोरांची मोजपट्टी म्हणजे फँटसी प्रीमियर लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ. त्यात बरीच वर्षं बचाव करणाऱ्या मिडफिल्डरचं काम जवळपास शून्य किमतीचं होतं: गोलला ५ गुण, असिस्टला (गोलच्या आधीच्या पासला) ३, आणि संघाने गोल खाल्ला नाही तर १. २०२५-२६ पासून नियम बदलला. बचावपटूने क्लिअरन्स (चेंडू धोक्यातून दूर मारणं), ब्लॉक (फटका अंगावर घेणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) आणि टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू काढणं) मिळून १० कृती केल्या तर २ गुण, मिडफिल्डर आणि फॉरवर्डला चेंडू परत मिळवण्याच्या नोंदी धरून १२ कृतींना २ गुण. पाऊल योग्य दिशेने आहे, पण मोजली जाते ती संख्या. नऊ कृती करणाऱ्याला काहीच नाही. जो आधीच योग्य जागी उभा राहतो, त्यामुळे समोरचा पास देतच नाही, त्याच्या खात्यात तर काहीच पडत नाही.

‘सगळ्यात जास्त टॅकल’ हा दावा ग्रुपवर सर्रास चालतो. तो का फसवा आहे ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका संघाकडे चेंडू सरासरी ३५ टक्के वेळ असतो. त्याच्या स्टॉपरच्या (गोलसमोरच्या मधल्या बचावपटूच्या) टॅकल आणि इंटरसेप्शन मिळून सामन्याला ६.५ होतात. दुसऱ्या संघाकडे चेंडू ६५ टक्के वेळ आहे, त्याचा स्टॉपर ४ वरच आहे. पहिला भारी वाटतो. पण बचाव करायची संधी प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असतानाच मिळते, म्हणजे पहिल्याला ६५ टक्के वेळ, दुसऱ्याला ३५. दोघांनाही ५० टक्क्यांवर आणा: ६.५ ला ६५ ने भागून ५० ने गुणलं की ५. ४ ला ३५ ने भागून ५० ने गुणलं की ५.७. क्रम उलटला. हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मिनिटं बघा. प्रीमियर लीगचा पूर्ण हंगाम ३,४२० मिनिटांचा असतो. त्यातली निम्मीही न खेळलेल्याचे ‘दर ९० मिनिटांचे’ आकडे घेऊन वाद घालू नये.

गोलीच्या बाबतीत क्लीन शीटचा (एकही गोल न खाल्लेल्या सामन्याचा) घोळ त्याहून मोठा. २०२४-२५ मध्ये प्रीमियर लीगचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वाधिक क्लीन शीटचा पुरस्कार, आर्सेनलच्या डेव्हिड राया आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मॅट्झ सेल्स यांना विभागून मिळाला, दोघांच्याही १३ क्लीन शीट. आर्सेनलने हंगामात ३४ गोल खाल्ले, फॉरेस्टने ४६. पुरस्कार एक, पण दोघांचे हंगाम एकाच जातीचे नव्हते. गोलीला तपासायचं तर चौकटीत आलेला शॉट किती अवघड होता ते धरावं लागतं: कुठल्या कोपऱ्यात, किती अंतरावरून, समोर किती पाय होते. समजा दोघांनीही ४० गोल खाल्ले. एकावर आलेल्या शॉटची अपेक्षित किंमत (तशा शॉटवर सरासरी किती गोल होतात तो आकडा) ३६ होती, तर त्याने ४ जास्त खाल्ले. दुसऱ्यावर ४७ किमतीचे शॉट आले, तर त्याने ७ गोल वाचवले. आठच क्लीन शीट असल्या तरी पुरस्काराचा मानकरी दुसराच. पेनल्टी यातून वेगळ्या काढा. चारातल्या साधारण तीन आत जातातच, त्यामुळे ज्याच्या बॅकने जास्त पेनल्टी दिल्या त्या गोलीवर अन्याय होतो.

आकडे हाताशी नसतील तर आणखी एक मार्ग आहे, गैरहजेरीचा: तो खेळाडू नसताना संघाचं काय होतं ते पाहायचं. २०२३-२४ मध्ये मँचेस्टर सिटी लीगमध्ये तीनच सामने हरलं, वुल्व्हज, आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध. त्या तिन्हींत सिटीचा बचाव करणारा मिडफिल्डर रॉड्री निलंबित होता. तरीही इंग्लंडमधले खेळाडूंचा आणि पत्रकारांचा असे दोन्ही पुरस्कार त्याच संघातल्या फिल फोडेनला मिळाले. रॉड्रीला बॅलन डी’ओर मिळाला तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, स्पेन युरो जिंकल्यावर. पुढच्या हंगामात त्याचा गुडघा सप्टेंबरातच गेला आणि सिटी लीगमध्ये नऊ सामने हरून तिसऱ्या क्रमांकावर आलं. तरी हा मार्ग जपून वापरावा. तीन सामने हा फार छोटा नमुना, आणि त्याच दिवशी दुसरा कोण जखमी होता, सामना कुणाच्या मैदानावर होता, हे तपासल्याशिवाय ‘तो नव्हता म्हणून हरले’ म्हणता येत नाही.

आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर मुंबई सिटीचा सिक्कीमचा गोली फुर्बा लाचेन्पा. २०२३-२४ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) गोल्डन ग्लोव्ह त्याचा, आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषकही संघाचा. त्या संघाबद्दल बोलताना मात्र पहिलं नाव आक्रमक विंगर छांगटेचं निघतं. मोहन बागानचा लेफ्ट बॅक शुभाशीष बोस २०२४-२५ चा भारतीय महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा आनंद वाटला. पण त्या हंगामात त्याने गोलही बरेच केले होते, आणि चर्चा त्या गोलांचीच जास्त झाली. बचावपटूला बक्षीस मिळायलाही गोल करावा लागतो, असा याचा अर्थ घेतला तर चूक म्हणवत नाही.

नेरूळकरांनी तर एक नाव विसरू नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली. स्पेनने मालीला ३-१ हरवलं. मालीच्या शेख दुकुरेचा लांबून मारलेला फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या आत पडला आणि बाहेर आला. रेफ्रींनी गोल दिला नाही. लक्षात राहिला तो स्पेनचा आबेल रुइझ, दोन गोलांमुळे. पुढे तोच दुकुरे क्रिस्टल पॅलेसचा २०२२-२३ चा सर्वोत्तम खेळाडू निवडला गेला, बचावाच्या पुढ्यात उभं राहून चेंडू हिसकावण्याच्या कामासाठी. मोठ्या संघटनांपेक्षा क्लबचा स्वतःचा पुरस्कार या बाबतीत अनेकदा जास्त अचूक ठरतो, कारण मत देणाऱ्यांनी त्या एका संघाचे सगळे सामने पाहिलेले असतात. पॅलेसच्या चाहत्याला दुकुरे दर शनिवारी दिसत होता.

मग आपल्या टर्फवर काय करावं? पहिली गोष्ट उचलायची ती जर्मनीतून नाही, कोल्हापुरातून. शाहू स्टेडियमवरच्या स्पर्धांत बेस्ट गोलकीपर, बेस्ट डिफेन्स, बेस्ट हाफ (मिडफिल्डर), बेस्ट फॉरवर्ड अशी जागेप्रमाणे बक्षिसं असतात. स्टॉपरची तुलना स्ट्रायकरशी होतच नाही. कोल्हापुरात भांडण होत नाही असं नाही, पण निदान ते योग्य मुद्द्यावर होतं.

दुसरी गोष्ट ३-२-१ ची. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या ब्राउनलो पदकासाठी पंच प्रत्येक सामन्यानंतर तिघांना ३, २, १ अशी मतं देतात आणि मोजणी हंगाम संपल्यावर होते. त्यातही मिडफिल्डरच फार जिंकतात, कारण पंचाची नजरही चेंडूमागे धावते. म्हणून ही पद्धत जागेप्रमाणे विभागूनच वापरायची. सामना संपल्या संपल्या प्रत्येक कॅप्टन प्रतिस्पर्धी संघातल्या तिघांची नावं लिहील, आणि त्यातला किमान एक गोल न केलेला असेल. आपल्या संघाला मत दिलं तर दोस्तीला जातं. दोन तासांनी विचारलं तर फक्त गोल आठवतात. चिठ्ठ्या शेवटच्या दिवसापर्यंत उघडू नयेत, नाहीतर सेमीफायनलला पोचलेला कॅप्टन हिशेब करून मत देतो. हरलेला चिडका कॅप्टन मुद्दाम बदली खेळाडूला ३ देईल, हेही होणारच. म्हणून रेफ्रीचीही तेवढ्याच वजनाची चिठ्ठी घ्या.

तिसरी, नोंद. पुढच्या मॅचची वाट बघत जाळीबाहेर बसलेल्या संघातले दोन जण पकडा, प्रत्येकाकडे एकेक संघ द्या. वीस मिनिटांच्या मॅचमध्ये चारपेक्षा जास्त रकाने भरता येत नाहीत: गोलीने वन-ऑन-वन (एकट्या हल्लेखोरासमोरचा फटका) वाचवला, गोलसमोर शॉट ब्लॉक केला, चेंडू हिसकावला आणि दहा सेकंदांत आपल्या संघाचा शॉट झाला, असिस्टच्या आधीचा पास. टॅकलचा रकाना ठेवू नका. जाळीला लागून परत आलेला चेंडू कुणी जिंकला यावरूनच मारामारी होईल. सगळ्यात जास्त घोळ बिबमुळे (संघ ओळखायला कपड्यांवर घालायच्या बनियनमुळे) होतो. टर्फवाल्याच्या बिबवर बहुधा नंबर नसतो, आणि असला तरी पुढच्या मॅचला तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. पाठीवर कापडी टेपची पट्टी लावून मार्करने नंबर घाला आणि नावांच्या यादीत तोच नंबर लिहा. रोलिंग बदल्यांमुळे (खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर होतात) मिनिटं मोजता येत नाहीत, तेव्हा हाफ मोजा: हाफमध्ये अर्ध्याहून जास्त वेळ आत असला तर बरोबरची खूण.

शेवटी बेरीज नको, सरासरी काढा. फायनलला पोचलेला संघ सहा सामने खेळतो, गटातच हरलेला तीन. बेरीज केली तर गटात हरलेल्या संघातल्या पोराला कधीच संधी नाही. तीन सामन्यांची किमान अट पुरे. गोल्डन बूटसाठी एका सामन्यातले पहिले तीनच गोल धरा, नाहीतर कुठल्यातरी ७-० च्या मॅचमध्ये पाच मारणारा आधीच ठरलेला असतो. आणि हे सगळं ऑक्शनच्या (संघांसाठी खेळाडूंच्या लिलावाच्या) दिवशी, कॅप्टन समोर असताना सांगा. फायनलच्या दिवशी सांगितलेला नियम कुणाला तरी जिंकवण्यासाठीच काढलाय असं वाटतं.

एवढ्या ट्रॉफ्यांना पैसे कुठून आणायचे, हा आयोजकांचा हमखास प्रश्न. विजेत्यांचा कमरेएवढा करंडक गुडघ्याएवढा करा, गोली, स्टॉपर आणि मिडफिल्डरच्या तीन ट्रॉफ्या त्यातच निघतात.