बाईंच्या आयुष्यावर गाण्याचा कार्यक्रम, यात 'फॅड' काय आहे ओ?

गल्लीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलाय, मला एकट्यालाच चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की हल्ली 'अमुक गायिकेचं आयुष्य गाण्यांतून' हे एक फॅड निघालंय, शास्त्रीय गाणं टिकवलं ते खाँसाहेब आणि बुवांनी, बायका मागनं आल्या, गाणं ऐकायचं तर नुसतं ऐकावं, त्यांच्या घरच्या गोष्टी कशाला, आणि वर बेळगावच्या मराठी मंडळानं कन्नड गायिकेवर, म्हणजे गंगूबाई हनगलांवर, कार्यक्रम का करावा. मी असल्या कार्यक्रमांत स्टेजवर नसतो, खुर्च्या लावतो आणि तबलजीला स्टँडवरनं घेऊन येतो. तरी लिहितोच.

आधी ते 'मागनं आल्या' बघू. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी विद्या दिली, कबूल, पण ती घेतली कुणी? बुवांनी घेतली तशी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांनीपण घेतली की. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर हिंदुस्थानी गाणं एकच आहे, केसरबाईंची भैरवी. मोगूबाई सांगलीत घरी रियाज करायच्या तो येता-जाता ऐकून खाँसाहेब स्वतः शिकवायला आले. हिराबाई बडोदेकर मिरजेच्या, तिकीट लावून बैठक करायच्या, त्या काळात बाईनं असं करायला किती छाती लागत असेल! ही सांगली-मिरज आपल्यापासून चार-पाच तासांच्या आत आहे.

बाकी टिकवलं कुणी याचा हिशोब नावांतच कळतो. गंगूबाई हनगल म्हणायच्या की गाणारा पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात.

आता 'नुसतं गाणं ऐका'. ऐका की, कोण नको म्हणतंय. पण गंगूबाईंचा तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच, आमच्या शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "अगो बाई, हे कोण बुवा?" आधी त्यांचा आवाज बारीक होता, घशाच्या दुखण्यावर उपचार झाले त्यानंतर असा झाला, आणि त्याच आवाजाला धरून त्यांनी पुढचं सगळं गाणं उभं केलं, हे सांगितलं की तोच शुद्ध कल्याण राग वेगळा ऐकू येतो. हुबळीहून गाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडं शिकायला जायचं, रात्री परत यायचं, आणि गावानं त्यावर बोलायचं. ही गोष्ट आमच्या निवेदिकेनं सांगितली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी पदर तोंडाशी धरून बसल्या, नंतर ख्याल सुरू झाला तरी पदर काढला नाही. आयुष्य बाजूला ठेवून त्या आजींना काय ऐकू आलं असतं कुणास ठाऊक.

कन्नड-मराठीचं तर हसूच येतं. गंगूबाई कन्नड, होय. त्यांचे गुरू सवाई गंधर्व पण कन्नड, आणि नाव कमावलं मराठी नाटकात. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ तिकडं उत्तर प्रदेशातल्या कैराण्याचे, राहिले मिरजेत. बंदिश ब्रजभाषेत. यात कुणाचं किती हे मोजायला तराजू कुठनं आणायचा, खडेबाजारातनं? आणि 1924 साली इथंच बेळगावात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, त्यात स्वागताला 11 वर्षांची गंगू गायली होती. त्या अधिवेशनासाठी खणलेल्या काँग्रेस विहिरीवरनं रोज जाणाऱ्यांना सुद्धा हे माहीत नसतं.

एक मुद्दा मात्र फॉरवर्डवाल्याचा बरोबर आहे, निवेदन फार लांबतं. गेल्या खेपेला आमच्याकडं तंबोरे जुळवून तयार होते आणि निवेदन पंचवीस मिनिटं चाललं, मागच्या दोन रांगा चहाला गेल्या त्या तराणा सुरू झाल्यावर आल्या, आणि तबलजी माझ्याकडं असा बघत होता जणू कागद मीच लिहिलाय. आता निवेदन एका पानात बसवायचं ठरलंय, कुंदगोळची गाडी मात्र त्यात राहणार.